तेबाल्दी ऐकायची कशी: नाट्यपदांवर वाढलेल्या बेळगावी कानांसाठी

परवा परत एका मित्राचा मेसेज, "ऑपेरा ऐकावं म्हणतोय पण दोन मिनिटात डोकं उठतंय, तू कसं काय ऐकतोस रे?" हा प्रश्न आतापर्यंत दहा जणांनी तरी विचारलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काही जाणकार वगैरे नाही. वडगावात वाढलो, वडील पेटी वाजवायचे, घरात नाट्यपदं आणि भजनं, धारवाड आकाशवाणी लावली की मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, एवढीच शिदोरी. या शिदोरीवर ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, पचतो का? पचतो की. पण आपण सुरुवातच भलत्या ठिकाणी करतो.

यूट्यूबवर "बेस्ट ऑपेरा" टाकायचं, मग वीस गायिकांचे वीस तुकडे येतात, प्रत्येकीचा सगळ्यात उंच सूर तेवढा कापून लावलेला. आता कुणाला नाट्यसंगीत ऐकवायचंय म्हणून तुम्ही नुसत्या ताना कापून दिल्या, पद नाही, नाटक नाही, प्रसंग नाही, तर तो माणूस पळूनच जाईल ना. तसंच हे. माझं म्हणणं एवढंच की एकच बाई धरा, तिचं आख्खं आयुष्य धरा, आणि उंच सुराच्या मागं न लागता तिचा हळू सूर ऐका. मी इटलीची गायिका रेनाता तेबाल्दी धरली.

तिच्याच काळातली दुसरी गाजलेली गायिका मारिया कॅलास का नाही असं लोक विचारतात. कॅलास मोठीच, वाद नाही, पण तिचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टोचतो (माझं मत, भांडू नका), आणि तिच्या आयुष्याच्या भानगडी इतक्या छापून आल्यात की गाणं बाजूलाच राहतं. तेबाल्दीचा आवाज गोल, भरलेला, तापवलेल्या तुपासारखा, आपल्या कानाला लगेच सोसतो.

तर आधी माणूस ओळखून घ्या, मग गाणं. १ फेब्रुवारी १९२२ चा जन्म, गाव पेझारो, म्हणजे संगीतकार रोसिनीचंच गाव. वडील चेलो (व्हायोलिनसारखंच पण मोठं वाद्य) वाजवायचे पण आई-वडिलांचं पटलं नाही, आई पोरीला घेऊन माहेरी लांगिरानोला आली, पार्मा शहराच्या जवळ. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. धावणंपळणं बंद, मग पियानो, आणि पियानोवरून गाणं. पार्माच्या कॉन्झर्वेटरीत शिकली, नंतर पेझारोला कार्मेन मेलिस या बाईंकडं, ज्या स्वतः एका काळच्या नावाजलेल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका. इथं मला हटकून आपले कुमार गंधर्व आठवतात, सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे, आणि दोघांच्या आयुष्यात आजारपणानं गाण्याला वळण दिलं. कुमारांचं पुढं टीबीनं फुप्फुस गेलं आणि गाणंच बदललं. हिचं काय झालं ते पुढं येतंच.

पहिलं काम १९४४ ला, रोविगो नावाच्या गावात, बोइतोच्या "मेफिस्तोफेले" मध्ये एलेना. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मिलानचं ला स्काला थिएटर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेलं, ते परत उभं केलं आणि ११ मे १९४६ ला उद्घाटनाचा कार्यक्रम झाला, त्यासाठी म्हातारा कंडक्टर तोस्कानिनी अमेरिकेतून परत आला, आणि त्यानं या २४ वर्षांच्या पोरीला निवडलं. "देवदूताचा आवाज" हे बिरूद तेव्हाचंच म्हणतात.

आता हा तोस्कानिनी कोण ते नीट समजून घ्या कारण आपल्याला घराणं म्हटलं की लगेच कळतं. हाही पार्माचाच. १८८७ साली व्हेर्दीचा "ओतेल्लो" ला स्कालात पहिल्यांदा झाला तेव्हा ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायला बसलेला पोरगा हाच. १८९६ ला तोरिनोत पुच्चीनीचा "ला बोएम" पहिल्यांदा झाला तो कंडक्ट केला तोही यानंच. आणि ५० वर्षांनी याच माणसानं तेबाल्दीला पुढं आणलं, जी आयुष्यभर याच दोन ऑपेरांमधल्या देस्देमोना आणि मिमी या नायिकांसाठी ओळखली गेली. म्हणजे तुम्ही तिची मिमी ऐकताय तेव्हा रचनाकारापासून फार तर एक माणूस लांब आहात. आपल्याकडं गंडा बांधतात, तिकडं बांधत नाहीत, पण गोष्ट तीच.

आता तयारी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, अजिबात नको. साधे वायरवाले हेडफोन चालतील, पण कानात गच्च बसणारे. जून ते ऑगस्ट आमच्याकडं पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिचा हळू सूर ऐकू येणं शक्यच नाही आणि या बाईचं सगळं सोनं हळू सुरात आहे, त्यामुळं पावसाळ्यात रात्री पाऊस उघडल्यावरच बसा. आणि लोक जमवून ऐकायचं असेल तर एक अनुभव सांगतो. आम्ही पंधराएक जण एका छोट्या हॉलमध्ये बसलो, साउंडवाला बोलावला, त्यानं आपण होऊन बास वाढवला आणि वर एको टाकला, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला टाकतात तसा, आणि तेबाल्दी विहिरीत पडून गातेय असं वाटायला लागलं. दोन आज्जी उठून गेल्या. तर एको बंद, बास मधोमध, आणि साउंडवाल्याला चहा देऊन बाहेर बसवा.

भाषेचं घाबरू नका. हे मी खास सीमाभागातल्या लोकांना सांगतो. आपण कन्नड धड येत नव्हतं त्या वयापासून मन्सूरांची वचनं ऐकत आलोय, शब्द नाही कळला तर भाव कळायचा, ती सवय इथं कामाला येते. शिवाय इटालियन शब्द कन्नडसारखा स्वरावर संपतो, आणि अक्का, अण्णा, हळ्ळी म्हणताना जसं जोडाक्षर दाबतो तसंच ते माम्मा, बेल्ला, नोत्ते म्हणताना दाबतात. पुण्यातल्या माणसापेक्षा आपला कान याला तयार आहे, हे मी गमतीनं नाही सांगत. गाण्याचे शब्द नेटवर मिळतात, ते देवनागरीत लिहून काढा. मी वहीच केलीय. "मी क्यामानो मिमी", "विस्सी दार्ते", असं. एवढंच लक्षात ठेवा की त्यांच्या स्पेलिंगात सी नंतर ई किंवा आय आला की च, आणि मध्ये एच घुसला की क. एकदा हाताने लिहिलं की ऐकताना शब्द पकडता येतो आणि शब्द पकडला की अर्धी लढाई झाली.

मग कानाला तीन सवयी सोडायला सांगायच्या. पहिली, षड्ज शोधायची. तानपुरा नाहीच, खालची जमीन सारखी सरकते, म्हणून आपल्याला गरगरल्यासारखं होतं. यावर माझा एक उपाय आहे, पेटी असेल तर करून बघा. देस्देमोनाची प्रार्थना, "आवे मारिया", "ओतेल्लो" च्या चौथ्या अंकातली. पेटीवर काळी चारचा सा धरा, तिचा पंचम म्हणजे काळी दोन. ती बाई सुरुवातीला कितीतरी वेळ त्या एकाच काळी दोनवर नुसती पुटपुटते, आपण स्तोत्र म्हणतो तसं, सूर हलतच नाही, पण खाली व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं बदलत राहतात, आणि तोच एक सूर कधी आशेचा वाटतो कधी भीतीचा. सूर तोच आहे, जमीन बदललीय. हे एकदा कळलं की हार्मनी म्हणजे काय यावर पुस्तक वाचायची गरज नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली आणि वडिलांना पेटीवर दोन मिनिटात.

दुसरी सवय, "सूर हलतोय" म्हणून नाक मुरडायची. आपल्याकडं सूर लावला की तो स्थिर पाहिजे, तिकडं त्यात बारीक कंप असतो, सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा, आणि तो नियमित असेल तर आवाजाला उजाळा येतो. तो मंद आणि रुंद झाला की मात्र समजायचं गळा थकलाय. हे लक्षात ठेवा, खाली ऐकायच्या पाच बैठका सांगतोय, त्यातल्या चौथीत लागणार आहे.

तिसरी, माइक. ती माइक लावत नाही. समोर ६०-७० वाद्यं आणि न्यूयॉर्कच्या नव्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये तर सुमारे ३८०० खुर्च्या, तरी शेवटच्या रांगेला कुजबूज ऐकू जाते. बालगंधर्वांच्या काळात आपल्याकडंही तंबूत, थिएटरात असंच चालायचं आणि संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, त्यामुळं हे काही परकं नाही, आपण विसरलोय एवढंच. ओरडून आवाज लांब जात नाही. तो घडवलेला असावा लागतो.

पहिली बैठक मिमीची. "ला बोएम" चं १९५९ चं डेक्का कंपनीचं रेकॉर्डिंग घ्या, कंडक्टर सेराफिन, बरोबर कार्लो बेर्गोंत्सी. गोष्ट साधी, पॅरिसमधली थंडी, शेजारच्या खोलीतली पोरगी मेणबत्ती पेटवून घ्यायला येते आणि स्वतःची ओळख सांगते. म्हणजे मला मिमी म्हणतात पण नाव लुचिया, घरात-बाहेर भरतकाम करते, एकटीच राहते. अगदी बोलल्यासारखं. आणि मग मध्येच म्हणते की बर्फ वितळला की पहिलं ऊन माझं असतं. इथं तेबाल्दी जे उघडते ना, ते शब्दात नाही सांगता येत. चार महिने दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, घरभर ओल्या कपड्यांचा वास, आणि मग दसऱ्याच्या आसपास एका सकाळी गॅलरीत ऊन पडतं, हे ज्यानं टिळकवाडीत किंवा खानापुरात काढलंय त्याला मी आणखी काय सांगू. पण त्याहून मोठी गंमत पुढं आहे, एवढं उघडल्यावर ती लगेच परत साध्या बोलण्यावर येते, अवेळी त्रास द्यायला आलेली शेजारीण आहे मी, असं म्हणून संपवते. टाळी घेत नाही. नवीन ऐकणारा उंच सुरावर थांबतो, तुम्ही या शेवटच्या ओळीवर थांबा.

दुसऱ्या बैठकीला "तोस्का" मधलं "विस्सी दार्ते" घ्या, मी कलेसाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग देवा माझ्याच वाट्याला हे का, असं. आणि बरोबर "ला फोर्त्सा देल देस्तीनो" मधलं "पाचे", ज्यात पहिलाच शब्द एका सुरावर धरून हळूहळू फुगवायचा आणि परत बारीक करायचा. या "फोर्त्सा" चं तिचं १९५८ चं नेपल्सचं चित्रीकरण आहे, काळंपांढरं, बरोबर फ्रांको कोरेल्ली. अभिनय बघायच्या अपेक्षेनं बघू नका, ती फार हलत नाही, पण तोंड किती कमी उघडते ते बघा.

तिसरी बैठक मला सगळ्यात आवडते. एकच पद दोनदा ऐकायचं, मधे सात-आठ वर्षं घालून. सुदैवानं डेक्कानं तिची बरीच कामं दोनदा रेकॉर्ड केली. "ला बोएम" १९५१ आणि १९५९, "बटरफ्लाय" १९५१ आणि १९५८, "आयदा" १९५२ आणि १९५९, "ओतेल्लो" १९५४ आणि १९६१. पहिल्यात आवाज पाण्यासारखा वाहतो, नुसतं सौंदर्य. दुसऱ्यात आवाज जरा जड, वरचे सूर थोडे ताणून (ते तिचे तसे कधीच सर्वात बळकट नव्हते, तिचे भक्तही हे मान्य करतात), पण शब्दाला वजन आलंय. कुठलं चांगलं यावर आमच्याकडं एकदा रात्री साडेअकरापर्यंत भांडण झालं, कुंदा संपला तरी भांडण संपलं नाही.

मधल्या आयुष्याचं थोडं सांगतो कारण चौथ्या बैठकीला ते लागतं. ३१ जानेवारी १९५५ ला मेट्रोपॉलिटनमध्ये देस्देमोना म्हणून आली आणि तिथलीच झाली, ला स्कालात तोवर कॅलासचं राज्य आलेलं. मेट्रोपॉलिटनचा मॅनेजर रुडॉल्फ बिंग म्हणायचा की हिच्या गालावरच्या खळ्या लोखंडाच्या आहेत, म्हणजे हसते गोड पण हट्ट सोडत नाही. १९५७ ला आई गेली. आयुष्यभर सावलीसारखी बरोबर असलेली आई. हिनं कार्यक्रम रद्द केले. आपल्याकडं बालगंधर्वांची गोष्ट कौतुकानं सांगतात, १९११ ला "मानापमान" चा पहिला प्रयोग आणि मुलगी गेलेली, तरी उभे राहिले. मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकून भारावायचो. आता वाटतं की गळा आणि दुःख एकाच ठिकाणी असतात, तिनं केलं तेही बरोबरच होतं.

मग १९६३. "आद्रियाना लेकुव्रर" हा चिलेआचा ऑपेरा तिनं हट्टानं करायला लावला आणि त्यातच आवाज दगा द्यायला लागला. थांबली. जवळजवळ वर्षभर गाणंच बंद ठेवलं, गळ्यावर नव्यानं मेहनत घेतली आणि १९६४ ला मिमी म्हणून परत आली. आवाज आता वेगळा, खालच्या पट्टीत गडद आणि वर कधीकधी कडक. पुष्कळ लोक म्हणतात १९६३ नंतरची तेबाल्दी ऐकू नका. मी म्हणतो जरूर ऐका. कुमारांचं आजारपणानंतरचं गाणं आपण कमी म्हणून ऐकतो काय? तर चौथ्या बैठकीला आधी आद्रियानाचं "इओ सोन लूमिले आंचेल्ला", १९६१ चं, ज्यात एक नटी म्हणते की मी कलेची साधी दासी, माझा आवाज म्हणजे नुसता श्वास, आणि तो सूर तसाच विरत जातो. मग लगेच १९६७ च्या "ला जोकोंदा" मधलं "सुइचीदिओ". अंगावर येतं. छातीतून काढलेला सूर, मगाचं तूप कुठल्याकुठं. कंप रुंद झालेला ऐकू येईल, वर सांगितलं होतं तो हाच. आणि त्याच आद्रियानानं १९६८ ला मेट्रोपॉलिटनचा सीझन सुरू झाला तेव्हा कॅलास प्रेक्षकांत होती, प्रयोगानंतर आत येऊन तिनं मिठी मारली, दोघींचे फोटो आहेत. दोघींच्या वैरावरची एवढ्या वर्षांची पेपरवाल्यांची मेजवानी तिथं संपली.

८ जानेवारी १९७३ ला मेट्रोपॉलिटनमध्ये शेवटचं काम, परत देस्देमोनाच. जिथून आत आली त्याच दारानं बाहेर. मग काही वर्षं नुसत्या मैफली, २३ मे १९७६ ला ला स्कालात शेवटची, आणि १९ डिसेंबर २००४ ला सान मारिनोत गेली. लग्न केलं नाही.

म्हणून पाचवी बैठक पूर्ण "ओतेल्लो" ची, १९६१ चं कंडक्टर कारायानचं रेकॉर्डिंग, मारिओ देल मोनाको बरोबर. रविवार लागतो, दोन तासांहून जास्त आहे, दुसऱ्या अंकानंतर चहा ठेवा नाहीतर लोक घड्याळ बघतात. गोष्ट आधी सांगून टाका, रुमालाची भानगड आणि यागो या खलनायकाचं कान भरणं, सस्पेन्स काही उरत नाही पण ऐकायला सोपं जातं. चौथ्या अंकाला लाइट बंद करा. आधी विलोच्या झाडाचं गाणं येतं, मग दासीला निरोप देताना एकदम फुटते, त्यानंतर ती काळी दोनवरची प्रार्थना, आणि शेवटी "आवे" म्हणत सूर वर काळी चारला जातो, कापूस उडाल्यासारखा. हा हळू सूर तुम्हाला ऐकू आला, तर मग कुठलीही सोप्रानो लावा, अडणार नाही.

आमच्या आत्यालाही बसवलं होतं त्या दिवशी. पहिल्या अंकात वादळाचा गोंधळ सुरू झाल्यावर म्हणाली, "काय बोंबलायलेत रे, मी आत जातो बघ" (आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात), पण गेली नाही. प्रार्थना संपली तेव्हा पदर तोंडाला लावून बसलेली.

"पुढं मरती काय रे ही?"

"होय."

"कोण मारतो?"

"नवराच."

"मग लावू नको पुढचं. इथंच बंद कर."

आमच्याकडं तेव्हापासून तो ऑपेरा तिथंच संपतो.